पाच थाऊची फट

साकीनाका

लडाखहून परतल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "याक बघितला का?" बघितला. लांबून आणि पाठमोरा. ते प्रसिद्ध निळं सरोवर? नाही बघितलं. उंच खिंडी? एकदोन ओलांडल्या असतील, पण तेव्हा डोकं इतकं ठणकत होतं की मी डोळे मिटून बसलो होतो. शेवटी शेजारच्या गाळ्यातला सावंत, मूळचा मालवणचा, वैतागून म्हणाला, "मगे धा दिस थंय केलंस काय रे?"

"आकाशाचा ताप बघितला," मी म्हटलं.

त्याने पुढे होऊन माझ्याच कपाळाला हात लावला. तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढावं, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

मी लिहिणारा माणूस नव्हे. साकीनाक्याला माझा दहा बाय पंधराचा गाळा आहे, त्यात एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि बत्तीस वर्षांची सवय. माझी मुलगी सुजाता मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि नोकरी सांभाळून सात वर्षं पीएचडी करते आहे. तिचा विषय मला समजला तो असा: चंद्र नसलेल्या रात्रीही आकाश स्वतःहून किंचित उजळतं. दिवसभराच्या उन्हाने वरच्या हवेतले कण फुटतात, रात्री ते पुन्हा एकमेकांशी जोडले जातात आणि त्यात थोडा प्रकाश सांडतो. हे घडतं नव्वद किलोमीटर उंचीवर. नाहूरच्या आमच्या घरापासून कामशेत जेवढं लांब साधारण तेवढंच, फक्त सरळ वर. तिथे फुगा पोचत नाही आणि उपग्रह एवढ्या खाली टिकत नाही, म्हणजे थर्मामीटर लावायची सोय नाही. मग तो प्रकाशच मोजायचा. एका बारीक फटीतून त्याला पेटीत घ्यायचं, आत त्याचे रंग सुटे करायचे, की कॅमेऱ्यात शेजारीशेजारी उभ्या रेषा दिसतात.

"बाबा, आपल्या बिल्डिंगचा जिना समज," सुजाताने मला सांगितलं होतं. "थंडीत पोरं खालच्या पायऱ्यांना चिकटून बसतात. अंगात ऊब आली की वर चढायला लागतात. आता प्रत्येक पायरीची एक रेषा. खालच्या पायरीवर किती आणि वरच्या पायरीवर किती ते बघितलं की गरमी कळली. सिंपल आहे ना?"

सिंपल होतं. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं काम समजलं आणि ऊर भरून आला, हे मान्य करायला लाज नाही.

तिच्या पीएचडीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. शेवटच्या प्रकरणासाठी तिला काळोख्या जागी, स्वतःच्या पेटीने मोजलेलं एक तरी तापमान हवं होतं. पेटी, रजा आणि अमावास्या या तिन्ही गोष्टी जुळल्या त्या याच आठवड्यात. तिच्याबरोबर येणारी मैत्रीण ऐनवेळी आजारी पडली. निघायच्या तीन दिवस आधी पेटीतली जुनी फट पडून वाकली.

"बाबा, फट तू बनवशील? आणि उचलाउचलीला चलशील पण?" तिने विचारलं.

आकाश मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. तिने कागदावर माप लिहून दिलं: ०.०५ मिलिमीटर, म्हणजे पन्नास मायक्रॉन. मी सवयीप्रमाणे कागद खिशात घातला आणि मशीनच्या पत्र्यावर खडूने नुसता आकडा लिहिला, ५. माझ्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. आकडा पत्र्यावर, माप डोक्यात. हा पाच लक्षात ठेवा.

लेह

विमानाने दोन तासांत एवढ्या उंचीवर आणून सोडलं की पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण मी मुंबईचा. खोलीपर्यंतच्या बावीस पायऱ्या पेटी घेऊन दोन दमात चढलो आणि वर जाऊन भिंतीला धरून उभा राहिलो. सुजाता ओरडली, "अरे काय करतोयस! वाट लागेल तुझी." लागलीच होती. पुढचा दीड दिवस मी पाणी पीत छताकडे बघत काढला.

तिथला चहा खारट असतो. लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. पहिल्या घोटाला वाटलं, साखरेच्या जागी चुकून मीठ पडलं, आणि मी अगदी सभ्यपणे मालकाच्या कानावर घातलं. तो इतका हसला की त्याने स्वयंपाकघरातून बायकोला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. खंबीर नावाची जाड रोटी मात्र आवडली. आमच्या वाशीमकडच्या माणसाला जाड भाकरीची सवय असतेच, त्यामुळे जबड्याने तक्रार केली नाही.

त्या रोटीबरोबर खायला मी विमलने दिलेली शेंगदाण्याची चटणी उघडली. विमल माझी बायको. पहिल्याच घासाला तोंडात केस आला. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून तिचे केस फार गळतात, घरभर सापडतात. डोकं दुखत होतंच, त्यात हे. मी फोन लावून तिला ऐकवलं.

"चटणीत केस आहे तुझा."

"एकच ना? मग तेवढा काढा आणि खा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी डबा बाजूला सारला. सुजाताने तो ओढून घेतला आणि माझ्याकडे न बघता खात राहिली.

वरचं गाव

तिसऱ्या दिवशी जीपने चांगथांगातल्या, म्हणजे लेहच्या पूर्वेकडच्या उंच पठारावरच्या, एका गावी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या घरमालकिणीने तशी अटच घातली आहे. नाव कळलं की गाड्या येतात, गाड्यांचे दिवे येतात, मग काळोख जातो, असं ती म्हणाली. तिला सगळे आमाले म्हणतात. आमा म्हणजे आई, आणि ले म्हणजे आपलं जी. साठीची बाई, गालांवर उन्हाने चिरा पडलेल्या, हिंदी तुटक पण ठणठणीत.

गाव उघडं होतं. झाड म्हणून जवळपास नाही, डोंगर भाजलेल्या विटेच्या रंगाचे, आणि खाली ओढ्याकाठी तेवढाच हिरवा काठ. शांतता इतकी की पहिल्या दिवशी मला कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं. साकीनाक्याच्या माणसाला आवाज नसला की झोप लागत नाही.

आमच्या खोलीत विमलने पाठवलेली बुद्धमूर्ती मी खिडकीत ठेवली, बोटाएवढी, पितळेची. आमालेने ती पाहिली.

"आप भी?" तिने विचारलं.

"हां. हम भी."

"बंबई में गोम्पा है?"

"है ना. हमारे घर के पीछे. पत्रे का है."

तिला पत्र्याचं विहार डोळ्यांसमोर येईना. मी सांगितलं की दर रविवारी आम्ही पांढरे कपडे घालून जमतो, मेणबत्त्या लावतो, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोला हार घालतो, मग वंदना होते आणि शेवटी सोसायटीच्या पाण्यावरून भांडण. तिच्याकडे लोण्याचे दिवे, रंगवलेल्या भिंती आणि गोल फिरवायची चक्रं. तिने म्हणायला सांगितलं म्हणून मी "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं. तिने तिच्या भाषेतलं म्हटलं. एकही शब्द सारखा नव्हता, पण तीही एकामागून एक तीनदा शरण गेली हे कळलं. मग तिने माझ्या पेल्यात पुन्हा तो चहा ओतला आणि मी मुकाट्याने प्यायलो.

अंधार पडताना तिने स्वतः खिडक्यांना घोंगड्या लावल्या. सुजाताच्या पेटीत दिव्याचा प्रकाश जाऊ नये म्हणून शेजारच्या तीन घरांनीही लावल्या. मला आमच्या नाहूरच्या गच्चीची आठवण झाली. तिथे एकदा सुजाताने तासभर गच्चीवरचा दिवा बंद ठेवायला सांगितला, तर सेक्रेटरीने लेखी अर्ज मागितला होता.

पेटी छपरावर होती. ताऱ्यांबद्दल लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. मी ताऱ्यांच्या मधली जागा बघत होतो. ती कोळशासारखी काळी नव्हती, धुऊन धुऊन विटलेल्या छत्रीसारखी होती. सुजाता म्हणाली, तो किंचित उजेड म्हणजे तेच. तिला हव्या असलेल्या रेषा डोळ्यांना दिसत नाहीत, त्या लाल रंगाच्याही पलीकडे आहेत, पण आकाश आपलं आपण जळत असतं हे एवढं तरी दिसतं.

मग तिने लॅपटॉप उघडला, आणि वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

रेषा सुट्या नव्हत्या. जाड होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. कुठली पायरी कुठे संपते तेच कळत नव्हतं. "प्रवासात फोकस हलला असेल," ती म्हणाली. ती रात्र फोकस लावण्यात गेली. दुसरीही.

तिसऱ्या सकाळी आम्ही चुलीजवळ बसलो होतो. तिचे डोळे लाल होते, बोटांना थंडीने भेगा पडल्या होत्या. ती वहीत बघून स्वतःशीच म्हणाली, "सगळ्या रेषा सारख्याच जाड आहेत यार. एकूण एक. अडीच पट."

अडीच.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आम्ही जुने लोक अजून त्यातच विचार करतो. पाच थाऊ म्हणजे एकशे सत्तावीस मायक्रॉन. तिला हवे होते पन्नास, म्हणजे दोन थाऊ. भागून बघितलं, पुन्हा भागलं. पत्र्यावरचा तो पाच माझ्या डोक्यात थाऊ होऊन बसला होता, आणि फट अडीच पट रुंद झाली होती; फट जेवढी रुंद तेवढी रेषा जाड. उस्ताद असते तर कानाखाली आवाज काढला असता.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आयुष्यात तिने माझ्याकडून तिच्या कामासाठी एकच वस्तू मागितली, आणि ती मी चुकवली, हे माझ्या तोंडून निघेना. माझ्या मापाची गल्लीत शपथ घेतात लोक. मी म्हटलं, "बघ, होईल नीट," आणि चहा संपवला.

त्या रात्री तिने आतली भिंगं काढून पुन्हा बसवली. मी टॉर्चला लाल कागद लावून धरून उभा होतो. पहाटे ती खाली बसली आणि म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय बाबा. मला हे जमणारं नाही बहुतेक." लहानपणी गणित चुकलं की असाच आवाज यायचा तिचा. मला माझी शरम वाटली, आणि तरीही मी टॉर्च धरून नुसता उभा राहिलो.

चौथ्या दिवशी आमालेच्या फोनला रेंज आली तेव्हा मी विमलला सगळं सांगितलं.

"तिला सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"का हो? मशीनला तोंड नसतं. तुम्हाला आहे ना? चटणीतल्या केसासाठी बरं उघडलं होतं."

मी ओढ्याकाठी गेलो आणि सुजाताला सांगितलं. खडू, पत्रा, पाच, थाऊ, सगळं.

"तुला कधी कळलं?"

"काल सकाळी. तू अडीच म्हणालीस तेव्हा."

"म्हणजे काल रात्री मी भिंगं उपसत होते तेव्हा तुला माहीत होतं?" तिचा आवाज चढला. "फट चुकली त्याचं काही नाही रे. माझ्या दहा चुका झाल्यात या पेटीत. पण तू टॉर्च धरून उभा होतास, बाबा! मी म्हणत होते माझंच चुकतंय, आणि तू ऐकत होतास!"

ती ओढ्याच्या कडेने चालत लांब गेली आणि मी घरी येऊन पेटीतून फट बाहेर काढली.

फट म्हणजे काय, समोरासमोर धार केलेल्या दोन पोलादी पट्ट्या, स्क्रूने बसवलेल्या. उस्तादांचं दुसरं एक शिकवणं मी पाळलं होतं: स्क्रूच्या भोकाला थोडा खेळ ठेवावा, माणूस चुकतो. स्क्रू सैल केले की एक पट्टी हलत होती. म्हणजे दोन धारांमध्ये बरोबर दोन थाऊ जाडीचं काहीतरी धरायचं, पट्टी त्याला टेकवायची, स्क्रू आवळायचे आणि ते काढून घ्यायचं. या कामाच्या मापाच्या पात्या असतात. माझ्या साकीनाक्याच्या ड्रॉवरमध्ये होत्या. माझ्या खिशात फक्त जाडी मोजायचा मायक्रोमीटर होता, तो मी झोपतानाही उशाशी ठेवतो.

आमाले शेजारी बसून बघत होती. मी तिला दोन बोटांनी दाखवलं, एवढं बारीक हवं. तिने कागद आणला, चार थाऊ. दोरा आणला, त्याहून जाड. मग तिने वेणीतून एक केस उपटून माझ्या हातावर ठेवला. साडेतीन. तारच ती. जीपचा ड्रायव्हर आला, त्याचाही घेतला, तीन. माझ्या डोक्याकडे दोघांनी पाहिलं, पण तिथे पंधरा वर्षांपासून काही नाही. आमालेच्या बकरीची लोकर बघितली, तर ती इतकी तलम की मायक्रोमीटरला कळेचना.

एवढ्यात सुजाता दारात उभी दिसली. आत आली, स्वतःचा एक केस काढला आणि माझ्यापुढे धरला. मी मोजला. सव्वातीन.

"आईचे किती बारीक झालेत ना," ती एकदम म्हणाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चटणीचा डबा रिकामा होऊन धुऊन झाला होता. पण विमलने विणलेला स्वेटर माझ्या अंगात होता. मी तो काढून खिडकीशी उलटा पसरला आणि आम्ही दोघं वाकून शोधायला लागलो. काखेच्या शिवणीत एक सापडला, हातभर लांब, अर्धा काळा, अर्धा पांढरा. मायक्रोमीटरमध्ये धरला. मायक्रोमीटर हलू नये म्हणून सुजाताने माझं मनगट धरलं.

दोन थाऊ. ना कमी ना जास्त.

मी तो कापून दोन तुकडे केले, एक फटीच्या वरच्या टोकाला, एक खालच्या, म्हणजे दोन्हीकडे जाडी एकच. सुजाताने चष्म्याच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने आवळलं. मी पट्टी बोटाने फक्त टेकवून धरली होती, दाब न देता. केस अलगद ओढून घेतले तेव्हा पलीकडचं ऊन फटीतून रेषेसारखं आलं.

"सॉरी, सुजू," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी युनिट लिही," ती म्हणाली, आणि माझ्या टकलावर हात ठेवला.

त्या रात्री ढग. आमाले तिच्या देवघरात दिवा लावून आली, मी माझी मूर्ती पुसली, कोणाचं कोणी ऐकलं कोण जाणे. पाचव्या रात्री, आमच्या शेवटच्या रात्री, आभाळ मोकळं झालं. पहिलं चित्र उतरायला वीस मिनिटं लागली. सुजाता स्क्रीनकडे बघत नव्हती, मला बघायला सांगत होती. मी बघितलं. रेषा सुट्या उभ्या होत्या, बारीक, एकीपासून दुसरी वेगळी, खालच्या पायरीची उंच आणि वरच्यांची उतरत गेलेली. मी तिला नुसतं हलवलं. तिने वळून पाहिलं आणि ती रडायला लागली, मग मीही.

उजाडेपर्यंत मोजत राहिलो. हिशेब करून तिने आकडा सांगितला: उणे शहात्तर अंश सेल्सियस. या वेळी युनिटसकट.

नाहूर

घरी पोचल्यावर विमलने आधी सुजाताची बोटं बघितली, मग माझं तोंड. जेवताना सगळी हकिगत झाली. केसाचं सांगितलं तेव्हा ती वाढता वाढता थांबली.

"माझा?"

"तुझाच. स्वेटरमध्ये होता."

"आणि थंडी किती निघाली?"

"उणे शहात्तर," सुजाता म्हणाली.

"अगं बाई! मग कानटोपी घातलेलीस ना?"

ती थंडी वर नव्वद किलोमीटरवर होती, छपरावर नव्हती, हे समजावायला आम्हाला भात संपेपर्यंत वेळ लागला. सुजाताने शेवटचं प्रकरण लिहून दिलं. त्यात फटीचं माप कसं लावलं ते तिने खरं तेच लिहिलं, एका मानवी केसाने. केस कोणाचा ते आभाराच्या पानावर आहे. विमलने ते पान दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या केसांचं काय कौतुक," आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. आजारपणापासून ती बाहेरच्यांसमोर तसा घेतेच, पण घरात कोणीच बाहेरचं नव्हतं.

परवा सकाळी ती विंचरून उठली. कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून रोजच्यासारखी कचऱ्याच्या डब्याकडे गेली. झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अहो," तिने मला हाक मारली, "ठेवू का ह्यातले दोन-चार? लागतील पोरीला."